काकांचं कपाट: एका घरातल्या घातक कचऱ्याचं काय काय झालं

प्रकरण तसं कुठल्याही जुन्या घरात घडेल असंच. मुलुंड पूर्वेची सत्तरच्या दशकातली सोसायटी, रिडेव्हलपमेंट फायनल झालेलं, बिल्डरने ताबा द्यायची तारीख दिलेली, आणि तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकू, वय ऐंशीच्या पुढे. काका जाऊन दोनेक वर्षं झालेली, मुलगा टोरंटोला. भाड्याची जागा छोटी, अर्धं सामान तिथे मावणारच नव्हतं, म्हणून सामान हलवणारा एक मुकादम आणि एक भंगारवाला अशा दोघांना सांगून ठेवलेलं. मी त्याच बिल्डिंगमधली, औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमधून रिटायर झालेली, त्यामुळे काकूंनी वरूनच हाक मारली, "अगं, तुला केमिकलमधलं कळतं ना, या बाटल्यांचं काय करायचं ते बघून जा जरा." २०२५ च्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट.

काका रेल्वेतून रिटायर झालेले आणि वस्तू फेकून देणं हा प्रकार त्यांना मान्यच नव्हता. उरलेला रंग पुढच्या वेळी लागेल, फुटका चार्जर दुरुस्त होईल, अर्धं राहिलेलं झुरळांचं औषध पुढच्या वर्षी वापरू, असं करत करत चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जे साठतं ते सगळं होतं. मोरीवरच्या फडताळात टॉयलेट ॲसिडचा अर्धा कॅन, ओल धरलेलं ब्लीचिंग पावडरचं पुडकं, ड्रेन मोकळं करायचे कॉस्टिकचे दाणे, फिनेल आणि त्यांच्या मागे उंदीर मारायच्या काळसर पावडरीची पुडी. माळ्यावर ऑइलपेंटचे डबे, टर्पेंटाइन, रॉकेलचा कॅन, जुन्या ट्यूबलाइट आणि सीएफएल, गंजलेला गॅमेक्सीनचा डबा. ड्रॉवरमध्ये सेल, बटन सेल, जुने मोबाइल, एक फुगलेली पॉवर बँक. काकांच्या शेवटच्या आजारपणातल्या औषधांची मोठी पिशवी. स्वयंपाकघरात धान्याच्या डब्यांत आणखी काही, त्याच्याकडे येतेच. बेडरूमच्या लाकडी कपाटात काकांचं जुनं पाऱ्याचं बीपी मशीन. आणि एक सोड्याची प्लास्टिकची बाटली, आत पिवळसर काहीतरी, लेबल नाही, झाकण घट्ट.

मी पोचले तेव्हा मुकादमाचा माणूस फडताळातल्या बाटल्या मोरीत उतरवून ठेवत होता. मुकादम म्हणाला, "मॅडम, ओतून टाकतो ना सगळं, वरून पाणी सोडलं की गेलं, आणि डबे रिकामे झाले की भंगारवाला पण खूश."

त्याचं गणित त्याच्या बाजूने बरोबरच होतं. जाड प्लास्टिकच्या रिकाम्या कॅनला भंगारात पैसे मिळतात, भरलेल्याला नाही. पण त्या मोरीत काय झालं असतं ते सांगते. टॉयलेट ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, ते ब्लीचिंग पावडरवर पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि क्लोरीन हवेपेक्षा जड असल्यामुळे तो वर उडून न जाता खाली साचतो, म्हणजे नेमका तिथे जिथे तो पोरगा उकिडवा बसला होता, खिडकी एक वीतभर, दार अर्धं लोटलेलं. कॉस्टिकवर ॲसिड पडलं तर एवढी उष्णता होते की ते उसळून तोंडावर येतं. आणि ती उंदराची काळसर पावडर म्हणजे झिंक फॉस्फाइड, त्याला ॲसिड लागलं की फॉस्फीन वायू, जो क्लोरीनपेक्षाही वाईट. तीन वेगवेगळी अपघातांची कारणं एका फळीवर शेजारी शेजारी, चाळीस वर्षं एकमेकांना न लागता राहिली म्हणून कुणाला काही झालं नाही, इतकंच. मी म्हटलं, "दादा, याला हात लावू नका, रिकाम्या कॅनचे जे काय पैसे होतील ते मी वेगळे देते." त्याला ते पटलं की नाही माहीत नाही पण पैसे म्हटल्यावर थांबला.

त्या दिवशी कचरा असा काही टाकलाच नाही. फक्त वेगळं करत बसलो. आणि वेगळं करताना ओला, सुका, काच, प्लास्टिक असा विचार केला नाही, प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला: ही घराबाहेर गेल्यावर हिला पुढचा हात कोणाचा लागणार? झाडूवाल्या ताईंचा, भंगारवाल्याच्या पोराचा, डंपिंगवर कचरा वेचणाऱ्याचा, की ज्याला ही वस्तू काय आहे हे ठाऊक आहे आणि हाताळायची सोय आहे अशा माणसाचा? पहिल्या तीन हातांत जाणारी वस्तू बाजूला, चौथा हात सापडेपर्यंत. माझ्या मते घरातल्या घातक कचऱ्याचा सगळा विषय इथेच आहे, आणि डब्याचा रंग कोणता हा त्यानंतरचा प्रश्न.

कायद्यात हे नाही असं नाही. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांमध्ये घरगुती घातक कचऱ्याची व्याख्याच दिलेली होती, रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया-सिरिंज, सगळं नावानिशी. म्हणजे काकांच्या घराची यादीच जणू. घराने तो ओल्या-सुक्यापासून वेगळा ठेवायचा आणि स्थानिक संस्थेने दर २० चौरस किलोमीटरला एक असं तो जमा करायचं केंद्र उभं करायचं, असंही त्यात लिहिलं होतं. मुलगा व्हिडिओ कॉलवर होता, तो म्हणाला, "मावशी, इथे टोरंटोत फोन केला की टॉक्सिक टॅक्सी घरी येऊन फुकट घेऊन जाते." खरंय, तिथल्या महापालिकेची तशी सेवा आहे, १० ते ५० किलोपर्यंतचं सामान उचलतात. मी म्हटलं, "अरे छान आहे, पण मुलुंडला नाही ना येणार ती." काकू हसल्या.

आता बीपीचं मशीन, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला आणि सगळ्यात जास्त चुका लोक त्यातच करतात.

मशीनची पेटी उघडली तर काचेच्या नळीतला पारा निम्म्यावर. उरलेला कुठे? पेटीच्या कोपऱ्यात काही मणी, आणि कपाटाच्या खालच्या फळीच्या फटीत टॉर्च मारली तर चमचम. कधीतरी पडलं असणार आणि कुणाच्या लक्षात आलं नसणार. इथे आकडे समजून घ्या. सीएफएलमध्ये पारा काही मिलिग्रॅम असतो. तापाच्या जुन्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅम. आणि बीपीच्या मशीनमध्ये ८० ते १०० ग्रॅम. म्हणजे लोक सीएफएल फुटला की घाबरतात आणि शंभर थर्मामीटरांएवढा पारा कपड्यांच्या कपाटात ठेवून झोपतात. पारा धातू आहे म्हणून तो नुसता पडून राहतो असं वाटतं, तसं नाही, खोलीच्या तापमानाला त्याची वाफ होत राहते, तिला वास नाही, रंग नाही, बंद कपाट असेल तर आत साठते, आणि ती श्वासातून जाते तेव्हा मज्जासंस्थेला त्रास देते. गिळलेल्या पाऱ्यापेक्षा त्याची वाफ कितीतरी धोकादायक, आणि आपल्याकडे भीती नेमकी उलटी आहे. लहानपणी आम्हीच फुटलेल्या थर्मामीटरचा पारा तळहातावर घेऊन खेळलोय, घरातल्या कुणीही रागावलं नाही.

मुकादमाचा माणूस झाडू घेऊन आला. झाडू अजिबात नाही. झाडूने मण्याचे शंभर बारीक मणी होतात आणि झाडू कायमचा पाऱ्याचा होतो, मग तो झाडू घरभर फिरतो. व्हॅक्यूम क्लीनर तर त्याहून वाईट, तो पारा गरम करून वाफ हवेत सोडतो. तर आधी पंखा बंद, खोलीचं दार बंद, बाहेरच्या बाजूची खिडकी सताड उघडी, काकूंना दुसऱ्या खोलीत बसवलं. मग काकूंना काढायला सांगितलं तशी स्वतःचीही बांगड्या-अंगठी काढून ठेवली, कारण पारा सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं, त्यात मिसळतो तो, आणि मंगळसूत्राला लागलेला पारा घासून जात नाही. हातात मोजे, फळीवर टॉर्च आडवी धरून, दोन जाड लग्नपत्रिकांनी मणी एकमेकांकडे ढकलत मोठे केले, ते ड्रॉपरने उचलून घट्ट झाकणाच्या बरणीत, बरणीत थोडं पाणी म्हणजे वाफ कमी. बारीक कणांना चिकटपट्टी. फटीत जे गेलं त्यावर गंधकाची पूड भुरभुरली, गंधक पाऱ्याला धरतं, हळूहळू धरतं पण धरतं. मशीन सरळ उभं ठेवून, नळीचं बटण बंद करून, दोन पिशव्यांत बांधलं.

त्या फळीचा प्रश्न मात्र राहिला. लाकडाच्या फटीतला पारा पूर्ण निघत नाही. कपाट भंगारवाल्याने आधीच बघून ठेवलेलं, सागवानी, चांगला भाव देत होता. ते कपाट पुढे कुणीतरी दुरुस्त करून विकलं असतं किंवा फळ्या चुलीत गेल्या असत्या, आणि पारा चुलीत म्हणजे थेट घरातल्या बाईच्या नाकात. म्हणून खालची फळी काढून घेतली, प्लास्टिकमध्ये गुंडाळली, आणि बाकी कपाट दिलं. भंगारवाला म्हणाला, "एका फळीसाठी एवढं काय ताई?" त्याला तामिळनाडूतल्या कोडाईकनालचं सांगितलं. तिथे थर्मामीटरचा मोठा कारखाना होता, २००१ मध्ये त्याची पारा लागलेली फुटकी काच गावातल्या भंगाराच्या दुकानात टनांनी सापडली आणि त्यानंतर तो कारखाना बंदच झाला. भंगारवाल्याचं दुकान होतं म्हटल्यावर त्याने जरा कान दिला.

धान्याचे डबे मी खरं तर सहज बघितले. काकू अजूनही वर्षाचे गहू भरायच्या, गावाकडची सवय. गव्हात कापडाच्या पुरचुंडीत पारद टिकड्या होत्या, ज्यांना हे नवीन असेल त्यांच्यासाठी, धान्याला कीड लागू नये म्हणून आपल्याकडे आणि गुजरातेत पारा घातलेल्या गोळ्या डब्यात ठेवायची जुनी पद्धत आहे. म्हणजे पारा बेडरूममध्ये पण आणि पोळीच्या पिठात पण. त्या बरणीत गेल्या, ते गहूही मी टाकायला लावले, त्यावरून काकू माझ्याशी थोडा वेळ बोलल्या नाहीत.

दुसऱ्या डब्याच्या तळाशी मात्र जे सापडलं त्याने माझे हातपाय गार पडले. ॲल्युमिनियमची छोटी नळी, वर कवटीचं चिन्ह, आत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. गोदामात धान्याला धुरी द्यायला वापरतात त्या. कुणीतरी नातेवाइकाने गावच्या कृषी केंद्रातून आणून दिलेल्या, "एकदम जालीम आहे" म्हणून. तीन ग्रॅमची एक गोळी हवेतल्या नुसत्या दमटपणाने एक ग्रॅम फॉस्फीन सोडते, आणि बंद खोलीत तेवढाही जिवावर बेतू शकतो. या गोळ्या घरात वापरायच्याच नाहीत, सामान्य गिऱ्हाइकाला विकायच्याही नाहीत, त्या फक्त परवाना असलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्यांसाठी आणि सरकारी गोदामांसाठी. मुंबईचा जून, हवेत पाणीच पाणी. नळीचं सील शाबूत होतं हे नशीब. उघडून मोजायच्या नाहीत, पाण्यात विरघळवायच्या नाहीत (हा सल्ला एका शेजाऱ्यांनी दिला, पाण्यात टाकणं म्हणजे सगळा वायू एकदम सोडणं), कचऱ्यात तर नाहीच कारण कॉम्पॅक्टरच्या गाडीत दाबून नळी फुटली की गाडीवरच्या माणसाचं काय. नळी कोरड्या डब्यात, डबा गॅलरीत, उघड्या हवेत पण पाऊस लागणार नाही असा, कडीकुलूप. परवाना असलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं, त्याने नळी आणि ती झिंक फॉस्फाइडची पुडी दोन्ही नेलं. फुकट नेलं, उलट मलाच विचारलं की हे आणलं कुठून.

औषधांची पिशवी. इथे माझं आयुष्य गेलंय त्यामुळे मत जरा ठाम आहे. सरसकट सगळ्या गोळ्या संडासात टाकणं चूक, कारण अँटिबायोटिक, हार्मोन वगैरे सांडपाणी शुद्धीकरणात पूर्ण निघत नाहीत आणि खाडीत जातात. पण सरसकट काहीच टाकायचं नाही हेही बरोबर नाही. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने, सीडीएससीओने, २०२५ च्या मे महिन्यात जी मार्गदर्शिका काढली तिच्यात १७ औषधांची यादी आहे जी चुकून दुसऱ्याच्या हाती लागली तर एका डोसनेही जीव जाऊ शकतो, म्हणून ती फ्लशच करा म्हटलंय, फेंटॅनिल, मॉर्फीन, ट्रामाडोल, डायझेपाम वगैरे. काकांच्या पिशवीत थोड्या ट्रामाडोल होत्या, त्या फ्लश केल्या. बाकीच्या स्ट्रिप कात्रीने आडव्या कापल्या आणि मार्करने रेघ मारली, कारण अख्खी स्ट्रिप आणि अख्खं खोकं कचऱ्यात गेलं की ते उचलून पुन्हा विकायचे धंदे होतात हे मी नोकरीत असताना पुरेसं ऐकलंय. मुंबई महापालिकेने २०२५ मध्येच घरगुती सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा वेगळा उचलायची सेवा सुरू केलीय, सोसायटीने ऑनलाइन नाव नोंदवायचं, तो कचरा मग दवाखान्यांच्या कचऱ्यासारखा भट्टीत जाळतात. सेक्रेटरींच्या मुलीने बसल्या बसल्या मोबाइलवरून सोसायटीची नोंदणी केली, औषधं तिकडे गेली. काकूंना लागणारे डायपरही आता तिकडेच जातात, हा अनपेक्षित फायदा.

इन्सुलिनच्या सुया मात्र पिशवीत सैल होत्या, टोपणं गायब. त्या चिमट्याने उचलून शॅम्पूच्या जाड बाटलीत टाकल्या, झाकण फिरवून टेप, वर मोठ्या अक्षरात "सुया". बिल्डिंगखालच्या डॉक्टरांनी ती बाटली त्यांच्या क्लिनिकच्या सुयांसाठीच्या पांढऱ्या डब्यात घेतली. आमच्या झाडूवाल्या ताईंना विचारा, त्यांच्या बोटाला सुई किती वेळा टोचलीय, आणि प्रत्येक वेळी त्यांना पुढे किती महिने धास्ती असते.

बाकीचं पटापट सांगते. इन्व्हर्टरची बॅटरी प्रश्नच नव्हता, शिशाला भाव आहे, दुकानदार आनंदाने घेतो, फक्त आतलं ॲसिड कुणाला मोरीत ओतू द्यायचं नाही आणि पावती घ्यायची. २०२२ च्या बॅटरी नियमांप्रमाणे आता सगळ्याच प्रकारच्या बॅटऱ्या परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. फुगलेली पॉवर बँक वेगळी, पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत, तिला टाचणी लावून हवा काढायची नाही, चेष्टा नाही करत, लोक करतात. बटन सेल आणि लिथियम सेलच्या टोकांना टेप. बटन सेल तर लहान मूल असलेल्या घरात उघडा ठेवूच नका, गिळला तर दोन तासांत अन्ननलिका जळायला लागते. ट्यूबलाइट वर्तमानपत्रात गुंडाळून जुन्या खोक्यात उभ्या. हे सगळं आणि मोबाइल, चार्जर मिळून ई-कचऱ्याच्या अधिकृत रिसायकलरला दिलं, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर यादी असते, एका घराचं सामान न्यायला ते येत नाहीत पण आम्ही पूर्ण बिल्डिंगचं गोळा केलं तेव्हा टेम्पो पाठवला. त्यांच्याकडे दिव्यांमधला पारा वेगळा काढायची परवानगी होती, म्हणून पाऱ्याची बरणी आणि बीपी मशीनही घ्याल का विचारलं, आधी नाही म्हणाले, मग बरणीचे फोटो आणि सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र मागून घेतलं आणि नेलं. नाही म्हटल्यावर एकदा तरी परत विचारावं.

रंग, टर्पेंटाइन, रॉकेल यांच्यासाठी कचऱ्याचा रस्ता शोधायचीच गरज नसते, वापरणारा शोधायचा. लेबल शाबूत असलेले दोन डबे आणि टर्पेंटाइन रंगाऱ्याने नेलं. एक डबा फार जुना होता, त्याला दिला नाही, कारण आपल्याकडे घराच्या रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून आली, त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल सांगता येत नाही. फिनेल, ॲसिड, कॉस्टिक सोसायटीच्या सफाईवाल्याने ज्या कामासाठी आहेत त्याच कामाला वापरून संपवलं, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर वेगवेगळ्या दिवशी, मी उभी राहून. रिकाम्या कॅनचे पैसे मुकादमाला दिले, म्हटल्याप्रमाणे.

तर उरलं काय? गॅमेक्सीनचा डबा. गॅमेक्सीन म्हणजे बीएचसी नावाचं कीटकनाशक, ढेकूण-मुंग्यांसाठी आपल्या आज्या गाद्यांखाली भुरभुरवायच्या ते, भारतात १९९७ पासून बंदी. ते कुजत नाही, मातीत गेलं की वर्षानुवर्षं तिथेच. डबा तळातून गंजलेला, म्हणून तसाच्या तसा झाकणाच्या प्लास्टिकच्या बादलीत ठेवला. पाऱ्याची फळी, चिकटपट्ट्या, मोजे, दुसऱ्या पिशवीत. आणि ती सोड्याची बाटली.

खरं सांगायचं तर पूर्ण घरात सगळ्यात अवघड तीच निघाली. ॲल्युमिनियम फॉस्फाइडसारखं भयंकर विष सुद्धा सुटलं, कारण नळीवर नाव होतं, आणि नाव होतं म्हणून ते कोणाला द्यायचं हे कळलं. या बाटलीला नाव नाही. काकू म्हणाल्या, "बॅटरीत घालायचं पाणी असेल, नाहीतर चांदी साफ करायचं काहीतरी, ह्यांनी कसलं कसलं आणलेलं." म्हणजे साधं डिस्टिल्ड वॉटरही असेल, सल्फ्युरिक ॲसिडही असेल, सायनाइडचं पाणीही असू शकेल, चांदीच्या पॉलिशवाल्यांकडे ते असतं. मी लॅबवाली असूनही झाकण उघडून वास घेतला नाही, आणि लॅबवाली आहे म्हणूनच घेतला नाही. रिसायकलरने नको म्हटलं, पेस्ट कंट्रोलवाल्याने नको म्हटलं, दोघांचंही बरोबर आहे, काय आहे हे न कळता कोण घेईल. शिवाय सोड्याच्या बाटलीत ओतलेलं रॉकेल पाणी समजून प्यायलेली मुलं आपल्याकडच्या हॉस्पिटलांत आजही येतात. काका हुशार माणूस होते, पण मूळ कॅनमधून छोट्या बाटलीत ओतताना त्यांनी दोन सेकंद काढून एक चिठ्ठी चिकटवली असती तर... असो, गेलेल्या माणसाला काय बोलायचं.

यासाठीच्या जागा महाराष्ट्रात आहेत, म्हणजे औद्योगिक घातक कचऱ्याच्या साइट, तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी. त्यातलं महापे तर मुलुंडहून ऐरोलीचा पूल ओलांडला की आलंच. पण त्या चालतात कारखान्यांच्या मेंबरशिपवर, प्रत्येक ड्रमसोबत कागद, कुठून निघाला, काय आहे, किती आहे. रिक्षात बादली घालून जायचं आणि गेटवर ठेवून यायचं असं ते काम नाही. घर आणि ती साइट यांच्यामधला दुवा म्हणजेच २०१६ च्या नियमातलं ते दर २० चौरस किलोमीटरचं केंद्र, म्हणून कमिटीने त्या नियमाचा हवाला देऊन, वस्तूंची यादी आणि फोटो जोडून लेखी अर्ज दिलाय आणि पोच घेतलीय.

ताबा द्यायच्या वेळी बिल्डरचा साइट सुपरवायझर म्हणाला की राहू द्या इथेच, पाडकामाच्या डेब्रिजमध्ये जाईल, कळणारसुद्धा नाही. सेक्रेटरी तसे भिडस्त गृहस्थ, पण त्यांनी ताब्याच्या पत्रात वेगळी ओळ टाकून घेतली की अमुक बादली आणि अमुक खोकं सोसायटीच्या मालकीचं, डेब्रिजमध्ये घालायचं नाही. आता ते दोन्ही कमिटीच्या तात्पुरत्या ऑफिसात, कुलपात, बाटली बादलीत उभी, भोवती वाळू, बाहेर यादी. एक, बीएचसी पावडर, डबा गंजलेला. दोन, पारा लागलेलं लाकूड आणि मोजे. तीन, अज्ञात द्रव, अंदाजे पाऊण लिटर, उघडू नये. चावी सेक्रेटरींकडे, आणि अर्जाचा पाठपुरावा करायचं काम माझ्या गळ्यात.